न मागितलेल्या साक्षी : संकेतस्थळांच्या दुव्यांचा आणि त्यांच्या फारखतीचा इतिहास

मराठेकालीन वतनाच्या तंट्यांचे कागद चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देतात, पाटीलकी किंवा देशमुखी आपल्याच घराण्याची कशी ते सांगतात. गोतसभा ते ऐकून घेते आणि मग तिसऱ्यांना विचारते : शेजारगावच्या पाटलांना, बलुतेदारांना, शिवेवरच्या म्हाताऱ्यांना. निवाड्याचा महजर झाला की त्याखाली ही माणसे निशाण्या करतात. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (डेक्कन कॉलेज, १९५३) ही सगळी रीत तपशिलाने मांडली आहे. साक्षीदार किती आले यापेक्षा कोण आले, त्यांचा वादाशी संबंध काय, त्यांना कोणी उभे केले, हे पाहावे लागे. साक्षी फितत, कागद बनावट निघत. हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेतले जाई, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची त्याच्याच हातची कबुली.

हे जुने प्रकरण काढण्याचे कारण अगदी आजचे आहे. इंटरनेटवरच्या एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखवले, की त्या जोडणीला आपण दुवा म्हणतो. ज्याच्याकडे बोट दाखवले त्याच्या बाजूने पाहिले तर तो बॅकलिंक. गेली पंचवीसएक वर्षे शोधयंत्रे या दुव्यांना साक्ष मानत आली आहेत. आपण गूगलवर ‘नाणेघाट’ असे लिहितो तेव्हा कोणते पान वर यावे आणि कोणते खाली राहावे, हे ठरवताना त्या पानांबद्दल इतर पाने काय म्हणतात याला वजन असते. साक्षीला वजन आले की साक्ष विकत मिळू लागते, आणि विकत साक्षी बोकाळल्या की कोणीतरी त्या निवडून काढायला बसते. हानिकारक दुव्यांच्या या निवडीबद्दल मराठीत माझ्या वाचनात आलेले बहुतेक लेखन धंदेवाईक सल्ल्याचे आहे. त्यात ‘काय करा’ असते. ही वेळ कशी आली ते नसते.

आरंभ संगणकाच्या बाहेर, ग्रंथालयात झाला. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली : शास्त्रीय लेखांच्या तळटीपा उलट्या बाजूने वाचाव्यात. लेखकाने कोणाचे आधार घेतले हे तळटीप सांगतेच. त्या लेखाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला, याची सूची केली तर विचारांचा प्रवास दिसेल. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाहून अशी सूची प्रसिद्ध होऊ लागली. १९७६ साली पिन्स्की आणि नारिन या दोघांनी त्यात भर घातली. सगळे उल्लेख सारखे मोजू नयेत. ज्याचा स्वतःचा उल्लेख वजनदार ठिकाणी होतो, त्याने केलेला उल्लेखही वजनदार धरावा. गोतसभेला हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी १९९८ साली हेच तत्त्व इंटरनेटला लावले. त्या पद्धतीवरील मूळ निबंधाच्या लेखकांत जम्मूत जन्मलेले आणि आयआयटी कानपूरला शिकलेले राजीव मोटवानीही होते. पद्धत अशी : प्रत्येक पानाजवळ काही वजन आहे असे धरायचे. ते पान जितक्यांकडे बोट दाखवते तितक्यांत ते वजन वाटून द्यायचे. ज्यांना मिळाले त्यांनी पुढे वाटायचे. हा हिशेब पुन्हा पुन्हा करत गेले की आकडे स्थिरावतात. दहा पानांना शिफारस देणाऱ्याची शिफारस हजार पानांना देणाऱ्याहून जास्त भरते, हे त्यातूनच येते. व्यापारी हितसंबंधांना या हिशेबाशी खेळणे अवघड जाईल, असा विश्वास त्या निबंधात दिसतो.

तो विश्वास फार टिकला नाही, आणि माझ्या मते त्याला गूगलची स्वतःचीच एक सोय कारणीभूत झाली. २००० साली कंपनीने ब्राउझरमध्ये बसवायची एक पट्टी काढली. त्या पट्टीत उघडलेल्या पानाचे वजन शून्य ते दहा अशा आकड्यात दिसे. तोपर्यंत साक्षीचे मोल आत कुठेतरी ठरत होते; आता ते दुकानाच्या पाटीवर आले. सातच्या पानावरचा दुवा एवढ्याला, पाचच्या पानावरचा तेवढ्याला, असा बाजार भरला. लोक एकमेकांकडे बोट दाखवणारी पोकळ पाने शेकड्यांनी उभी करू लागले. अभिप्रायवह्यांत औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती येऊन पडू लागल्या, कारण वाचक नाही मिळाला तरी दुवा मिळत होता. त्यावर २००५च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘नोफॉलो’ नावाची खूण आणली. ती लावलेला दुवा वाचकासाठी चालू राहतो, पण साक्ष म्हणून मोजला जात नाही. आकडा दाखवणारी पट्टी मात्र २०१६पर्यंत जिवंत होती.

बाजार केवढा झाला होता, हे २०११च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलेल्या एका वृत्तान्तातून दिसले. जे. सी. पेनी ही अमेरिकेतली जुनी दुकानमालिका. कपडे, अंथरूण-पांघरूण, सतरंज्या असे काहीही शोधले की महिनोन्महिने तिचे नाव सर्वांत वर येत होते. शोध घेतल्यावर निघाले, की ज्यांचा कपड्यांशी काडीचा संबंध नाही अशा अनेक संकेतस्थळांवर ‘ड्रेसेस’सारख्या शब्दांखाली पेनीचे दुवे पेरलेले आहेत. गूगलने कारवाई केली आणि पेनी पहिल्या जागेवरून कितीतरी पाने मागे गेली. कंपनीने आपल्याला यातले काही माहीत नव्हते असे सांगून या कामासाठी नेमलेल्या संस्थेला काढून टाकले. साक्षीदार कोणी उभे केले, हा प्रश्न इथे पहिल्यांदा चव्हाट्यावर आला.

एप्रिल २०१२पर्यंत वाईट दुव्याचे फार तर एवढेच होई, की तो मोजला जात नसे. क्वचित पेनीसारख्याला हाताने शिक्षा होई. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे कंपनीनेच सांगितले होते. ज्यांच्या दुव्यांत बनावटीचा वास येत होता ती संकेतस्थळे यंत्रच खाली ढकलू लागले. निरुपयोगी दुवा या दिवसापासून विषारी झाला. आपल्याकडे कोणी बोट दाखवावे हे आपल्या हातात नसते. मग प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम हजारभर घाणेरडे दुवे आपल्या नावावर टाकले तर? ही भीती तेव्हापासूनची आहे. वर्षानुवर्षे दुवे विकत घेणारे आता दारोदार पत्रे पाठवून ते काढून टाकण्याची विनवणी करू लागले. काही पानमालकांनी दुवा काढण्याचेही पैसे मागितले. पुढच्या फेब्रुवारीत ब्रिटनमधील इंटरफ्लोरा ही फुले पोहोचवणारी कंपनी, प्रादेशिक वृत्तपत्रांतल्या पैसे देऊन छापलेल्या लेखांतील दुव्यांमुळे, काही दिवस शोधातून जवळजवळ नाहीशी झाली होती.

याच धांदलीत फारखत आली. फारकत हा शब्द आपण आता नवरा-बायकोच्या संदर्भात वापरतो. जुन्या कागदांत फारखत म्हणजे देणेघेणे संपले, यापुढे संबंध नाही, असे लिहून दिलेले पत्र. मायक्रोसॉफ्टच्या बिंगने २०१२च्या जूनमध्ये आणि गूगलने १६ ऑक्टोबर २०१२ रोजी अशी सोय दिली. तिला ‘डिसअव्हाऊ’ म्हणतात. एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, एका ओळीत एक याप्रमाणे, नको असलेल्या पानांचे पत्ते लिहायचे. अख्खे संकेतस्थळ नाकारायचे असेल तर नावाआधी ‘डोमेन’ असे लिहायचे. हॅशचे चिन्ह टाकून सुरू केलेली ओळ यंत्र वाचत नाही. ती स्वतःच्या टिपणासाठी. मर्यादा एक लाख ओळींची. दुवा जागच्या जागी राहतो, वाचक त्यावरून येऊ शकतो. यंत्राला फक्त एवढे कळवलेले असते, की ही साक्ष माझ्या बाजूने धरू नका.

ही सोय देतानाच गूगलने बजावले होते, की बहुतेकांना हिची गरज पडणार नाही. सप्टेंबर २०१६मध्ये पेंग्विन बदलला आणि तेव्हापासून तो बनावट दुव्यांना मुख्यतः बिनमोलाचे ठरवतो. सगळ्या संकेतस्थळाला खाली ढकलत नाही. डिसेंबर २०२२मध्ये ‘स्पॅमब्रेन’ ही यंत्रणा दुव्यांच्या या निवडीला जोडली गेली. बिंगने तर २०२३ साली आपली फारखतीची सोयच बंद केली. म्हणजे विषाची भीती वास्तवात असण्याचा काळ जेमतेम साडेचार वर्षांचा. भीतीवर उभा राहिलेला धंदा मात्र अजून चालू आहे.

त्या धंद्याशी माझा संबंध जुन्नरच्या लेण्यांमुळे आला. ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधल्या पिंपरी पेंढार या गावी बसून मी काही वर्षे जुन्नर परिसरातील शिलालेख, लेणी आणि घाटवाटा यांच्या नोंदी एका संकेतस्थळावर ठेवत आलो आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा लेणी, नाणेघाटातला नागनिकेचा लेख आणि तिथला दगडी रांजण, ओतूरची बाबाजी चैतन्यांची समाधी, असे विषय. एके दिवशी एका कंपनीकडून न मागता एक अहवाल आला. ‘आपल्या संकेतस्थळावर विषारी दुव्यांचा धोका आहे’ असे त्याचे शीर्षक, सोबत लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांतली यादी, आणि शेवटी सफाईचे दरपत्रक. यादीबरोबर लाल ओळींची फारखत तयारच करून दिली होती. ती फक्त चढवायची होती.

मी ती चढवली नाही. यादीतली पाने एकेक करून उघडत गेलो. बनावट कागद ओळखायचा तर नुसत्या शिक्क्यावर विसंबत नाहीत. हस्ताक्षर, मायना, तारीख आणि तो कोणाच्या दप्तरातून निघाला हे सगळे पाहतात. तीच सवय इथे उपयोगी पडली.

लाल ओळींत जुगाराची आणि सट्ट्याची पुष्कळ पाने होती. उघडल्यावर दिसले, की त्यातली बरीचशी यंत्राने तयार केलेल्या जंत्र्या आहेत. जगातल्या हजारो संकेतस्थळांची नावे एकाखाली एक, त्यात माझेही. एका पानाने लेण्याद्रीच्या पायऱ्यांचे माझे छायाचित्र उचलून भिंतीवर लावायच्या चित्रांत घातले होते. हा केरकचरा. तो कोणाही संकेतस्थळाच्या वाट्याला येतो, शोधयंत्राला तो ओळखता येतो, आणि त्याच्यासाठी ओळी लिहिण्यात वेळ घालवू नये असे माझे मत झाले.

त्याच लाल रंगात, त्याच ठळकपणे, एका गिर्यारोहकाची जुनी अनुदिनी होती. नाणेघाटाच्या रांजणाबद्दल दोन परिच्छेद आणि ‘लेखाचे वाचन इथे पाहा’ म्हणून माझा दुवा. ती लाल का? पान जुन्या धाटणीचे, भेट देणारे थोडे, आणि दुव्याचे कारण दिले होते ‘अनोळखी भाषा’. हे माझ्यासारख्याला चटकन समजते. देवनागरी अक्षर पत्त्यात गेले की प्रत्येक चिन्हाचे तीन भाग होतात आणि प्रत्येक भाग टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘जुन्नर’ या तीन अक्षरी शब्दात काना-मात्रा-हलन्त धरून सहा चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची चोपन्न होतात. इंग्रजी डोळ्याने पाहणाऱ्या हत्याराला ही लांबलचक टक्केवारी म्हणजे लबाडीची खूणच वाटते. तिसरी लाल ओळ होती तालुक्यातल्याच एका शाळेच्या पानाची. गुरुजींनी मुलांसाठी ‘आपला इतिहास’ म्हणून पाचपंचवीस पाने नोंदवली होती. एका पानावर फार दुवे, म्हणून ते ‘दुव्यांचे शेत’ ठरले. चौथी ओळ सर्वांत वाईट : एका मोफत अनुदिनी-सेवेचे मुख्य नावच ‘डोमेन’ लावून नाकारायला सांगितले होते. त्या नावाखाली लिहिणारे सगळेच मराठी लोक एका ओळीत बाद करण्याचा तो मनसुबा होता.

हिरव्या रंगातही पाहण्यासारखे होते. भारदस्त नावाच्या एका बातम्यांच्या पानावर जुन्नर पर्यटनाचा लेख होता. त्यात माझा दुवा, एका वस्तुसंग्रहालयाचा दुवा आणि मध्ये एका हॉटेलाचा दुवा, तोही ‘जुन्नर हॉटेल बुकिंग स्वस्त’ अशा अक्षरांवर. लेख हॉटेलासाठी विकलेला होता. आम्ही दोघे शोभेला. विकत साक्षीदारांच्या घोळक्यात एखाददुसरा सज्जन उभा करायचा, म्हणजे घोळका खरा वाटतो, ही युक्ती जुनीच आहे. पत्त्याच्या शेपटीवर भरवसा ठेवावा तर तेही कठीण झाले आहे. गोव्यासह काही राज्यांच्या, ‘गव्ह.इन’ने संपणाऱ्या शासकीय पानांमध्ये शिरून सट्ट्याच्या ठिकाणांकडे नेणारे दुवे पेरल्याच्या बातम्या २०२४ साली आल्या होत्या.

वाचता वाचता माझ्यापुरते काही प्रश्न ठरत गेले. हा दुवा माणसाने घातला की यंत्राने? शोधयंत्रे उद्या दुवे मोजेनाशी झाली, तरी तो इथे राहिला असता का? गिर्यारोहकाचा राहिला असता, गुरुजींचा राहिला असता, हॉटेलवाल्याचा नसता. दुव्यावरची अक्षरे कोणाच्या तोंडची आहेत, वाचकाला वाट दाखवणाऱ्याची की विक्रेत्याची? एकाच महिन्यात एकाच शब्दाखाली अनेक दुवे आले का? आणि सर्वांत मोठा प्रश्न : त्याला मी उभे केले आहे का? मी किंवा माझ्या वतीने कोणी पैसे दिले असतील, तर ती जबाबदारी माझी. अशा वेळी आधी पानमालकाला लिहून दुवा काढायला लावावा, नाही जमले तर फारखत द्यावी. गूगलने हाताने कारवाई केल्याची सूचना सर्च कन्सोलमध्ये आली असेल, तर हे सगळे केल्याचा हिशेब देऊन फेरविचाराचा अर्ज करावा. यांपैकी काहीच नसेल आणि कोणी परस्पर चिखल उडवला असेल, तर बहुतेक वेळा स्वस्थ बसावे. ‘विषारीपणाचे गुण’ देणारी हत्यारे खासगी कंपन्यांची आहेत; गूगल ते गुण वापरत नाही.

स्वस्थ बसण्याचा सल्ला पचायला जड जातो, कारण सफाई केली की काहीतरी केल्याचे समाधान मिळते. आपल्या इतिहासात सरसकट सफाईचा एक मोठा दाखला आहे. १८५२च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले. बनावट सनदांवर इनामे उपभोगणारे होतेच, त्यात शंका नाही. पण पुराव्याचे ओझे इनामदारावर होते. ज्यांचे कागद वाळवीने, आगीने किंवा भाऊबंदकीने गेले होते, तेही लबाडांच्या ओळीत जाऊन बसले. दक्षिण महाराष्ट्रातल्या १८५७-५८च्या असंतोषाचे एक कारण म्हणून इतिहासकार या चौकशीकडे बोट दाखवतात. जुने, कळकट, शिक्का पुसट झालेले ते खोटे, हा निकष तेव्हाही सोयीचा होता आणि रंगीत यादीलाही सोयीचा आहे.

मोठ्या इंग्रजी संकेतस्थळाच्या नावावर दुव्यांचे ढीग असतात. त्यातले शेदोनशे चुकून नाकारले तर त्याला पत्ता लागत नाही. मराठीतल्या स्थानिक इतिहासाच्या पानाला एकूण खरे साक्षीदार बोटांवर मोजण्याइतके : एखादा गिर्यारोहक, एखादे गुरुजी, परगावी गेलेला पण गावाच्या देवळाबद्दल लिहिणारा कोणी. अशा सगळ्यांना त्या अहवालाने लाल केले होते. मी ती फारखत चढवली असती तर शोधयंत्राच्या हिशेबी नाणेघाटाबद्दलच्या माझ्या नोंदीला ओळखणारे कोणी उरले नसते, आणि वर सट्ट्याची पाने होती तशीच राहिली असती.

माझ्या स्वतःच्या फाईलमध्ये आज फक्त त्या विकाऊ लेखाची ओळ आहे. खरे तर तिचीही गरज नव्हती. वर हॅश टाकून तारीख आणि कारण लिहिले आहे, म्हणजे पुढे कोणी माझ्यानंतर हे दप्तर सांभाळले तर त्याला कळावे.

शाळेच्या पानाची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. गुरुजींची बदली झाली, संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क कोणी भरले नाही, आणि काही काळाने ते नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतले. सोडून दिलेली नावे त्यांच्या जुन्या साक्षींसकट विकत घेण्याचा हा वेगळा धंदा आहे. गूगलने मार्च २०२४मध्ये आपल्या नियमांत त्याला स्वतंत्रपणे बंदी घातली. आता त्या पत्त्यावर सट्ट्याची पाने आहेत. ‘आपला इतिहास’ हे पान मात्र नव्या मालकाने जुने वजन टिकावे म्हणून तसेच ठेवले आहे, माझ्या दुव्यासकट. पूर्वीचे पान इंटरनेट आर्काइव्हच्या साठ्यात अजून पाहता येते. मी ताडून पाहिले, गुरुजींचा मजकूर शब्दशः तोच आहे, फक्त खाली शाळेचे नाव नाही. या पत्त्याची ओळ मी अजून फाईलमध्ये घातलेली नाही. आर्काइव्हमधल्या प्रतीचा पत्ता आणि तारीख टिपून ठेवली आहे आणि दर महिन्याला ते पान उघडून पाहतो.